बहात्तर तासांच्या आधी

नाना,

काल प्रकाशाला, तापीकाठी, तुमचा दहावा झाला. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे, नारळवाल्याच्या ओट्यापाशी उभा होतो, आणि तिथेही तुमची चर्चा कानावर आलीच. एक टोपीवाले आजोबा शेजारच्याला विचारत होते, डॉक्टर तर थेंबालाही शिवत नव्हते, मग हा दारूचा आजार त्यांना कसा झाला? तुम्ही असता तर तिथल्या तिथे त्यांची शिकवणी घेतली असती. स्वादुपिंड सुजायला दारूच लागते असं नाही, पित्ताशयातला मुगाएवढा खडा सरकून वाट अडवून बसला तरी पुरतं, हे तुम्ही आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलंत. मी नुसता ऐकत उभा राहिलो. त्या घाटावर तुमच्या आजाराबद्दल बोलायचा अधिकार सगळ्यांत कमी कोणाला असेल तर तो मला होता.

कारण तुमचा पहिला सीटी स्कॅन मी केला, आणि करायला नको तेव्हा केला. तो बघून तुम्हाला सुरतला न्यायला दारात उभी असलेली गाडीही मीच परत पाठवली. लोकांना हे माहीत नाही. लोक मला भेटून म्हणतात, डॉक्टरसाहेब, तुम्ही त्यांच्यासाठी फार धावपळ केलीत.

आपली ओळख झाली तेव्हा मी रेडिऑलॉजी शिकून नुकताच नंदुरबारला परत आलो होतो. घरी कापडाचं दुकान. वडिलांना वाटत होतं, पोरगा डॉक्टर झालाय तर निदान नाडी तरी बघेल; हा तर अंधाऱ्या खोलीत बसून चित्रं बघतो. दुकानातली गिऱ्हाइकं मला फोटोवाले डॉक्टर म्हणायची. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तीन पेशंट पाठवलेत आणि चौथ्या दिवशी स्वतः आलात, तणतणत. माझा कागद टेबलावर आपटलात आणि विचारलंत, त्या बाईच्या कपाळावर घाम होता का? मी म्हणालो, सोनोग्राफीत घाम दिसत नाही. मला वाटलं, छान उत्तर दिलं. तुम्ही माझं मनगट पकडून मला रस्ता ओलांडून तुमच्या दवाखान्यात नेलंत, त्या बाईच्या खाटेपाशी उभं केलंत आणि तिच्या पोटावर माझा हात ठेवलात. पोट फळीसारखं कडक होतं. माझ्या कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी अंधाऱ्या खोलीतून बाहेर यायला शिकलो. मला डॉक्टर कॉलेजनं केलं असेल, पण माणसाकडे बघायला तुम्ही लावलंत, आणि हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी नवं सोनोग्राफी मशीन आलं. ते दाखवायला आलेला कंपनीचा माणूस कोणाचं तरी पोट मागत होता. तुम्ही चहाला आला होतात, शर्ट वर करून आडवे झालात. पहिल्या मिनिटातच तुमच्या पित्ताशयात खडे दिसले, बारीक, चार-पाच. तुम्ही मान वळवून पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, मशीन चांगलं आहे, पारस, घेऊन टाक. पुढे मधूनमधून तुमच्या पोटात कळ यायला लागली ती तुम्ही गॅसवर ढकललीत. मी दर दिवाळीला ऑपरेशनची आठवण करून द्यायचो आणि तुम्ही दर दिवाळीला माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढून विषय बदलायचात. पेशंटनं असं केलं असतं तर तुम्ही त्याला दवाखान्यात उभं केलं नसतं. याबद्दल माझा तुमच्यावर राग आहे, नाना. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला तो आवरत नाही.

आपला खरा वाद सुरू झाला तो आठेक वर्षांनी सीटी मशीन आल्यावर. स्वादुपिंडाची सूज साधी आहे की जिवावर बेतणारी, हे आधी कसं ओळखायचं, एवढाच वादाचा विषय. बारा वर्षं पुरला. मी म्हणायचो, शिरेतून औषध सोडून स्कॅन करा. जिवंत भाग उजळतो, मेलेला काळा राहतो, भोवती पाणी किती साचलंय तेही दिसतं. मग दहापैकी गुण द्यायचे. दोन आले तर पेशंट चार दिवसांत घरी जाणार, आठ आले तर सुरत नाहीतर नाशिक गाठायचं. तुम्ही म्हणायचात, सगळं कबूल, पण बहात्तर तासांनंतर. स्वादुपिंड मरायला लागलं तरी पहिल्या दिवशी ते मेल्यासारखं दिसत नाही. तोवर पेशंटच्या उशाशी बस, मिनिटाला श्वास किती घेतो ते मोज, लघवी किती झाली ते बघ, जीभ बघ. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरायचात आणि पेशंटच्या छातीकडे बघत उभे राहायचात, आणि त्या मिनिटात दवाखान्यात कोणी खोकायचीसुद्धा सोय नसायची. मला ते जुनाट वाटायचं. मी तसं तुम्हाला म्हणालोही होतो.

मोलगीकडची ती बाई आठवते? बाजारात बसल्या जागी पोट धरून वाकली. घरच्यांनी आधी गावातलं करून पाहिलं, मग खाली यायला जीप मिळेपर्यंत चौथा दिवस उजाडला. केसपेपरवर कोणीतरी न विचारताच दारू लिहून टाकली होती. तुम्ही तो कागद फाडलात आणि लिहिणाऱ्याला तिच्या खाटेसमोर उभं करून माफी मागायला लावलीत. तिला मराठी धड कळत नव्हतं, पण ते कळलं. मग तुम्ही मिनिटभर तिचा श्वास मोजलात आणि मला म्हणालात, ही भारी केस आहे, जपून. माझ्या स्कॅनमध्ये जवळजवळ अर्धं स्वादुपिंड काळं होतं. आठ गुण. मी छाती फुगवून कागद तुमच्यासमोर धरला, तर तुम्ही म्हणालात, मी मिनिटात सांगितलं तेच तू तासाभरात सांगितलंस. बाई वाचली. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यासाठी आमचूर घेऊन आली, आणि त्यातलं अर्धं तुम्ही माझ्या घरी पाठवलंत, फोटोवाल्याचा वाटा म्हणून.

असे कितीतरी. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, डोंगरातून येणारा प्रत्येक पेशंट माझ्या टेबलावर पोचेपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडलेला असायचा. माझे गुण आणि त्याचं पुढे जे व्हायचं ते, दोन्ही जुळायचं. माझी खात्री बसत गेली. गावातला एखादा पहिल्याच दिवशी आला की तुम्ही त्याला तुमच्याकडे अडवून ठेवायचात, तीन दिवस झाले की मगच माझ्याकडे सोडायचात. मी चिडायचो. एकदा तर चिडून म्हणालो, नाना, एवढ्या वर्षांत माझा एक स्कॅन चुकलेला दाखवा. तुम्ही नेहमीसारखे हसला नाहीत.

"लोके उशिरा येतस, म्हनीसन तुन्हं मशीन खरं बोलस," एवढंच म्हणालात.

मला तो टोमणा वाटला. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तुम्हीच चहाला बोलावलंत, आणि तो विषय तसाच राहिला. टोमणा नव्हता तो. माझ्या सगळ्या हुशारीचं गणित तुम्ही एका वाक्यात मांडून दिलं होतंत आणि मी रुसून बसलो होतो. पहिल्या दिवसाचं स्वादुपिंड पुस्तकात होतं. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहून पासही झालो होतो. पण स्वतःच्या डोळ्यांनी बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. डोंगरातल्यांना लवकर येता येत नव्हतं आणि गावातल्यांना तुम्ही येऊ देत नव्हता. मी पहिलं पाहिलं ते तुमचं.

त्या रविवारी धानोऱ्याला तुमच्या मेहुण्यांच्या शेतात भरिताचं जेवण होतं. चारच्या सुमारास पोटात दुखायला लागलं, कळ पाठीपर्यंत गेली, उलट्या सुरू झाल्या. परत येताना रस्त्याकडेला मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांचा ठसका लागला आणि नुसत्या ठसक्यानं तुम्ही ओरडलात, असं काकूंनी सांगितलं. काकू तुमच्याबरोबर चाळीस वर्षं होत्या, तुम्हाला ओरडताना त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. सहाला तुम्ही तुमच्याच दवाखान्यात, तुमच्याच खाटेवर होतात. रक्ताचा रिपोर्ट आला, निदानात शंका राहिली नाही. तुमच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांनी लगेच सांगितलं, वय आहे, साखर आहे, वाट बघायला नको, सुरतला हलवू. गाडी दारात लागली.

आणि मी म्हणालो, थांबा, आधी स्कॅन करून बघू.

का म्हणालो? मी घाबरलो होतो, नाना. तुम्हाला त्या खाटेवर मुटकुळं करून पडलेलं मला बघवत नव्हतं, आणि माझ्या हातून होण्यासारखी एकच गोष्ट होती. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं. बारा वर्षं तुम्ही नाहीच म्हणत आला होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि डोळे मिटलेत. मी त्याला होकार समजलो.

सातला तुम्ही माझ्या टेबलावर होतात. दुखायला लागून तीन तास झाले होते. मशीननं श्वास रोखायला सांगितलं तेव्हा तुम्हाला तो रोखता येईना. मी काचेपलीकडून ते पाहिलं आणि चित्र हललं म्हणून वैतागलो. त्या श्वासाचा अर्थ लावायचं माझ्या मनातही आलं नाही. स्वादुपिंड जरासं सुजलेलं, पण सगळीकडे छान उजळलेलं. भोवती पाण्याचा थेंब नाही. दहापैकी दोन. माझा जीव भांड्यात पडला. मी धावत बाहेर आलो आणि काकूंना सांगितलं, साधं आहे, तीन-चार दिवसांत घरी येतील. तरुण डॉक्टर म्हणाले, पण सर, इतक्या लवकर केलेल्या स्कॅनवर... मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. माझा अनुभव काढला, वर्षं काढली. तुमच्याकडून शिकलेलं पोरगं तुमचंच वाक्य बोलत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

"मी आठेच रहासू," तुम्ही खाटेवरून म्हणालात, इथेच राहतो म्हणून. गाडी परत गेली.

सोमवारी तुम्ही बरे वाटलात. माझी चेष्टाही केलीत, दोन गुणांत पास झालो का नापास, म्हणून. मंगळवारी दुपारपासून श्वास वाढला, पोट टम्म झालं, बोलणं तुटक व्हायला लागलं. बुधवारी तीन दिवस पुरे झाल्यावर मी तुम्हाला पुन्हा टेबलावर घेतलं. त्या वेळी पडद्यावर जे दिसलं ते बघून मी खुर्चीत मागे सरकलो. दोन तृतीयांश स्वादुपिंड काळं. पोटात पाणी, छातीत पाणी. दहापैकी दहा. एवढे गुण मी आजवर कोणालाही दिले नव्हते.

मी रिपोर्ट लिहिला. पानभर लिहिला, काहीही झाकलं नाही. तो फिल्मबरोबर पाकिटात घातला, कारण सुरतला तो लागणार होता. मग तुमच्या स्ट्रेचरपाशी आलो. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात आणि विचारलंत, "कसं शे?"

"ठीक शे, नाना," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. माझ्या हातावर दोनदा थोपटलंत. मी तुमच्याशी भांडलो होतो, आवाज चढवला होता, अबोला धरला होता, पण खोटं कधी बोललो नव्हतो. पहिलं खोटं बोललो आणि तेच आपलं शेवटचं बोलणं झालं. सुरतला तुम्ही आणखी आठ दिवस होतात, पण तिथे तुमच्या घशात नळी होती आणि मी काचेबाहेर होतो.

तिथले मोठे डॉक्टर सज्जन होते. रविवारी आणलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, असं म्हणाले. खरंही असेल. या आजाराचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, तुम्हीही सांगत नव्हता. पण पहिल्या तीन दिवसांत जे करायचं असतं ते तिथे जास्त चांगलं झालं असतं, एवढं मला कळतं. त्यांचा तो ‘कदाचित’ मी घरी घेऊन आलो, पण त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. माझ्या त्या दोन गुणांवर तुम्ही खरंच विश्वास ठेवलात? बारा वर्षं मला जे शिकवत होतात ते स्वतःच्या पोटाच्या वेळी विसरलात? की सुरतला जायचंच नव्हतं आणि माझा कागद आयता हाती लागला? पहिलं असेल तर तुम्ही इतर पेशंटसारखेच घाबरलेले होतात आणि मी ते ओळखायला हवं होतं. दुसरं असेल तर तुम्ही लबाडी केलीत. दुसरंच खरं असावं असं मला वाटत राहतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटते.

परवा स्टेशनजवळचा एक दुकानदार आला, पोटात दुखायला लागून पाच तास झालेला. रक्ताचा रिपोर्ट तुमच्यासारखाच. घरचे म्हणाले, आत्ताच्या आत्ता स्कॅन करा. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, दुसरीकडे जातो. मी म्हणालो, जा, पण दुखायला कधी लागलं ते तिथे आधी सांगा. थोडी कुजबूज झाली आणि थांबले. मग मी तुमच्या दवाखान्यात जाऊन त्याच्या उशाशी बसलो आणि त्याचा श्वास मोजला. दोनदा मोजणं चुकलं. माणूस श्वास घेताना किती हळू हलतो हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्यांदा मिनिटाला अठरा आले, म्हणजे काळजीचं नव्हतं. मी तरुण डॉक्टरांना आकडा सांगितला, त्यांनी पुन्हा मोजला, त्यांचेही अठराच आले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, सर, नाना असते तर आपल्या दोघांनाही झापलं असतं, तुम्हाला स्कॅनसाठी आणि मला गप्प बसलो म्हणून. आम्ही दोघं जरा हसलो. तो दुकानदार आज उठून बसलाय. त्याला माझ्या मशीनची गरज पडेल असं वाटत नाही.

काल प्रकाशाहून परत आल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मला आणखी पोटात ठेववेना. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पहिला स्कॅन लवकर केला ते, गाडी कोणाच्या शब्दावर परत गेली ते, आणि बुधवारचं खोटंही. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं, उठून जा म्हणतील. त्या म्हणाल्या, गाडीचं त्यांना त्या दिवशीच समजलं होतं, आणि बुधवारचं तुम्हाला.

मग त्यांनी सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये, नवापूर यायच्या आधी, तुम्ही पाकीट मागून घेतलंत. चष्मा लावायला सांगितलात. एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीत. काकूंनी तुमच्या हाताला खालून आधार दिला. मग माझा कागद काढलात आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलात. काकूंनी विचारलं, काय लिहिलंय. तुम्ही कागदाची घडी घालून तो पाकिटात ठेवलात. तुमची लेक मनीषा तेव्हा पुण्याहून नंदुरबारला यायला निघाली होती. तिला फोन कर, म्हणालात, "सांग, परभारी सुरतले ये." आणि बरंच पुढे गेल्यावर, काकूंना वाटलं झोपलात, तेव्हा डोळे न उघडता म्हणालात, "पारसनी बराबर लिखेल शे."

काकूंनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी त्यांच्यासमोर मान हलवली.

वीस वर्षांत माझा एकही कागद तुमच्या हातून धड सुटला नव्हता, नाना. कधी डावं-उजवं, कधी मिलिमीटर, कधी नुसतं अक्षर. काहीतरी सापडायचंच तुम्हाला. त्या एका कागदातही तुम्ही एखादी चूक काढायला हवी होती.